लाटणं, भोवरा, वाडगा: लाकूड कातायला शिकताना

निवृत्तीनंतर लाकूड कातायला शिकायचं असेल तर आधी धार लावायचा ग्राइंडर घ्यावा, मग लेथ, म्हणजे लाकूड फिरवायचं यंत्र. मी याच क्रमाने गेलो आणि वर्षभरानंतरही तो बदलावा असं वाटत नाही. शिकाऊ माणसाचं काम बहुतेक वेळा बोथट धारेमुळे बिघडतं. त्याखालोखाल लाकूड नीट वाळलेलं नसल्यामुळे किंवा आधीच चिरलेलं असल्यामुळे. हात वळण्याचा प्रश्न त्यानंतरचा. सोलापुरात दुसऱ्या कारणाकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं, कारण इथला उन्हाळा लाकडाला सावकाश वाळू देत नाही.

‘कातीव’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की त्यामागचं यंत्र डोळ्यांसमोर येत नाही. वाड्याचे कातीव खांब, पाळण्याच्या दांड्या, लाटणं, भोवरा हे सगळं फिरत्या लाकडाला पटाशी लावून झालेलं काम. जुना कातारी जमिनीवर बसून एका हाताने कमान ओढायचा, दुसऱ्या हाताने हत्यार धरायचा आणि पायाने त्याला आधार द्यायचा. कमान पुढे गेली की लाकूड एका दिशेने फिरायचं, मागे आली की उलट. कापायचं ते एकाच दिशेच्या फेऱ्यात. परतीला हत्यार केसभर मागे घ्यायचं. विजेच्या लेथवर ही उसंत नाही. लाकूड सतत वरून खाली, आपल्याकडे येत राहतं, त्यामुळे चूक झाली तर तीही पूर्ण वेगाने होते.

सोलापूरकराला अभ्यासासाठी एक उत्तम नमुना जवळ मिळतो, तो म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी लाकडी कांडी. आता बहुतेक कांड्या प्लास्टिकच्या असल्या तरी पूर्व भागातल्या जुन्या मागवाल्या घरांत आणि जुन्या सामानाच्या दुकानांत लाकडी कांडी अजून सापडते. बुडाशी जाड, टोकाकडे एकसारखी निमुळती, आणि सूत घसरू नये म्हणून अंगावर बारीक कडी. निमुळतेपणा कुठेही पोट न सुटता कसा न्यायचा, हे तिच्यावर पट्टी ठेवून पाहिलं की कळतं. पहिले दोन महिने मी ती लेथशेजारी टांगून ठेवली होती.

घरासाठी टेबलावर बसणारा लहान लेथ पुरतो. माझा १२ इंच स्विंगचा, दोन टोकांमध्ये १८ इंच लांबी घेणारा, पाऊण हॉर्सपॉवर मोटारीचा आहे. १२ इंच स्विंग म्हणजे स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून खालच्या बेडपर्यंत ६ इंच. प्रत्यक्षात १० इंचांपर्यंतचा वाडगा त्यावर नीट बसतो. घेताना हेडस्टॉक (मोटारीकडचा, लाकूड फिरवणारा भाग) आणि टेलस्टॉक (समोरून लाकूड दाबून धरणारा सरकता भाग) यांची टोकं एकमेकांना भिडवून पाहावीत. ती अगदी समोरासमोर यायला हवीत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही छिद्र पाडताना नडतो. दोन्हीकडे मोर्स टेपर नंबर २ (सामान बसवायचं ठरावीक मापाचं निमुळतं छिद्र) असेल तर पुढचं सामान मिळायला सोपं जातं. स्पिंडलच्या आट्यांचं माप लिहून ठेवावं, कारण चक (लाकूड जबड्यांत धरणारा) आणि फेसप्लेट (लाकूड स्क्रूने जोडायची तबकडी) त्याच आट्यांवर बसतात. माप जुळलं नाही तर यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपमधला टर्नर अडॅप्टर करून देतो. बेअरिंग, पुली, व्ही-बेल्ट यांसाठीही आपल्या शहरात लांब जावं लागत नाही.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट मी सगळ्यांत आधी करून घेतली. साध्या बटणावरच्या लेथची वीज गेली आणि बटण चालूच राहिलं, तर वीज परत येताच लेथ आपोआप फिरायला लागतो. त्या क्षणी आपला हात लाकडावर असू शकतो. म्हणून विहिरीच्या मोटारीला असतो तसा नो-व्होल्ट कॉइलवाला स्टार्टर लावावा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय जोडला जात नाही. शेतातल्या मोटारींना लावतात तो ऑटो मात्र इथे अजिबात नको, कारण तो नेमकं उलटं काम करतो. स्टार्टरचं लाल बटण उजव्या मांडीजवळ, न वाकता दाबता येईल असं बसवावं.

उंचीचं माप साधं आहे. सरळ उभं राहून कोपर दुमडला की तो जिथे येतो, तिथे स्पिंडलचा मध्य यावा. दोन इंच खाली असेल तर अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते, आणि साठीनंतर ती लवकर थांबत नाही. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली की थरथर कमी होते; माझ्या स्टँडवर सुमारे ५० किलो वाळू आहे. पायाखाली जाड रबरी मॅट हवी. पत्र्याच्या शेडमध्ये लेथ असेल तर मार्च ते जून सकाळी साडेसहा ते नऊ हीच वेळ. दुपारी नुसत्या घामानेही मूठ हातातून निसटते.

चष्म्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. लेथवरचं काम डोळ्यांपासून साधारण ४० ते ५० सेंटिमीटरवर असतं. बायफोकलचा खालचा भाग त्याहून जवळचं दाखवतो, वरचा लांबचं. मग माणूस नकळत मान वर-खाली करत राहतो आणि धार दोन ठिकाणी दिसते. त्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा वेगळा करून घ्यावा आणि त्यावरून पूर्ण चेहरा झाकणारी फेस शील्ड घालावी. दिवा डोक्यावर नको, बाजूने हवा. आडव्या उजेडात खोलगट जागा आणि ओरखडे सावलीने दिसतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलून मगच सुरुवात करावी, कारण हातमोजे इथे चालत नाहीत. फिरतं लाकूड मोज्यासकट हात ओढून घेतं. लांब बाह्या, गळ्यातली साखळी, उपरणं, मनगटावरचा दोरा, चपला हे सगळं बाहेर ठेवून आत यायचं.

आता धार. बाजारातला सहा इंची ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतो आणि त्यावर बहुतेक करड्या रंगाचा जाडा दगड असतो. तो काढून ८० ग्रिटचा पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड बसवावा. दगड चमकायला लागला की तो कापत नाही, नुसता तापवतो. तेव्हा ड्रेसरने, म्हणजे दगड खरवडायच्या हत्याराने, त्याचा वरचा थर उघडून घ्यायचा. हत्यारं हाय-स्पीड स्टीलची घ्यावीत. ती तापून निळसर झाली तरी कडकपणा जात नाही. साध्या कार्बन स्टीलची पटाशी निळी पडली की तिथलं पाणी उतरलं असं समजावं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. कार्बन स्टील दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. हाय-स्पीड स्टील तापलेलं असताना पाण्यात बुडवू नये, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात.

सुतारकामाची पटाशी लेथवर वापरू नये. तिचं शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारं टोक, आखूड आणि अंग पातळ असतं. जुनी कानस घासून केलेलं हत्यार तर घरातही ठेवू नये. कानस कडक असते पण ठिसूळ असते, हिसका बसला की मधोमध तुटते आणि तुकडा तोंडाकडे येतो.

सुरुवातीला पाच हत्यारं पुरतात: पाऊण इंची रफिंग गाउज (गाउज म्हणजे पन्हळीसारखी खोलगट पटाशी), तीन अष्टमांश इंची स्पिंडल गाउज, एक इंची स्क्यू म्हणजे तिरक्या धारेची पटाशी, खाचा घ्यायला तीन मिलिमीटरचं पार्टिंग टूल आणि खरवडायला गोल तोंडाचा स्क्रेपर. धारेमागे जो घासलेला उतार असतो त्याला मी ढाळ म्हणतो. रफिंग गाउजचा ढाळ ४५ अंश, स्पिंडल गाउजचा ३५ ते ४०, स्क्रेपरचा ७० ते ८०. स्क्यूला दोन्ही बाजूंनी ढाळ असतो आणि दोन्ही मिळून ४० अंशांच्या आसपास ठेवला की शिकाऊ हाताला बरा पडतो. कोन एकदा ठरला की बदलायचा नाही. धार लावण्याआधी ढाळावर मार्कर पेनची शाई फासायची, दगड हाताने एक फेरा फिरवून हत्यार टेकवून पाहायचं. शाई टाचेपासून (ढाळाच्या मागच्या कडेपासून) धारेपर्यंत सगळी गेली तर कोन जुळला. फक्त टाचेची गेली तर मूठ थोडी उचलायची, फक्त धारेची गेली तर खाली घ्यायची. मग हलक्या हाताने चार-पाच सेकंद. ठिणग्या धारेच्या वरून ओघळायला लागल्या की थांबायचं. त्यापुढे घासणं म्हणजे पोलाद वाया घालवणं. बाभळीवर काम करताना मी दर दहा-बारा मिनिटांनी धार लावतो. सागवान मऊ वाटतं, पण त्यात सिलिका असते आणि ती धार फार लवकर खाते.

पहिला महिना फक्त एकच काम: चौकोनी लाकूड गोल करायचं आणि गोल झाल्यावर त्याचा भुसा होईपर्यंत त्यावर गिरवायचं. ४५ बाय ४५ मिलिमीटरचे, ३८० लांबीचे तुकडे करून घ्यावेत. दोन्ही टोकांवर कर्ण आखून मध्य काढायचा आणि पंचने खूण करायची. एका टोकाला कर्णांवर करवतीने तीन मिलिमीटर खोल खाच घ्यायची, म्हणजे स्पर सेंटरचे (लाकूड फिरवणाऱ्या दातेरी टोकाचे) दात नीट बसतात. स्पर सेंटर लाकडात ठोकायचं ते लेथवरून काढून, लाकडी हातोड्याने. लेथवर बसवून ठोकलं तर बेअरिंग मार खातं. मग लाकूड चढवून टेलस्टॉकचं फिरतं सेंटर दाबायचं, चाक अर्धा फेरा आवळायचं आणि क्विल (टेलस्टॉकची सरकती नळी) लॉक करायची. जास्त आवळलं तर बारीक लाकूड धनुष्यासारखं वाकतं आणि मध्यभागी थरथरायला लागतं.

टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, लाकडाच्या मध्यरेषेला किंवा किंचित खाली, आणि कोपऱ्यापासून ५ मिलिमीटरवर. चालू करण्याआधी लाकूड हाताने पूर्ण एक फेरा फिरवून पाहायचं. ४५ मिलिमीटरच्या चौकोनाचा कर्ण ६४ असतो, म्हणजे कोपरे मधल्या भागापेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर बाहेर येतात. ते रेस्टला लागत नाहीत ना, हे फेऱ्यातच कळतं. वेग ८०० फेऱ्यांवर ठेवायचा, लाकडाच्या फेकीच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं आणि मग बटण दाबायचं.

हत्यार लावण्याचा क्रम कधीच मोडायचा नाही. आधी हत्यार रेस्टवर टेकतं. मग ढाळाची टाच लाकडाला टेकते. या वेळी काही कापलं जात नाही, नुसता घासल्याचा आवाज येतो. मग मागची मूठ सावकाश उचलायची, धार खाली उतरते आणि पहिली सालपटं सुटतात. हा क्रम उलटा झाला, म्हणजे धार आधी लाकडाला लागली आणि रेस्टवर हत्यार नंतर आपटलं, की हिसका बसतो. लाकूड फाटतं, कधी सेंटरमधून निसटतं. मूठ मांडीला किंवा बरगडीला टेकलेली असावी आणि हात कमी, अंग जास्त हलावं. पायांवर वजन डावीकडून उजवीकडे नेलं की हत्यार आपसूक सरकतं.

गोल करताना टोकापासून आत जायचं नाही, तसं केलं तर कोपऱ्याची लांब ढलपी उडते. टोकापासून तीन सेंटिमीटर आत सुरू करून बाहेर यायचं, मग सहा सेंटिमीटर आत सुरू करून बाहेर, असं मध्यापर्यंत; मग दुसऱ्या बाजूने. सुरुवातीला टकटक आवाज येतो. तो मावळून एकसंध सूर लागला की लाकूड गोल होत आलं. खात्रीसाठी गाउजची पाठ फिरत्या लाकडावर अलगद ठेवावी; ती उड्या मारत असेल तर कुठेतरी चपटी बाजू राहिली आहे. गोल झाल्यावर वेग १५०० करायचा. वेगाचा ढोबळ हिशोब असा: व्यास इंचांत गुणिले फेरे हा आकडा ६००० ते ९००० च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. दोन इंची दांडीला ३००० फेरेही चालतात, आठ इंची वाडग्याला ७५० ते ११०० च्या वर जायचं नाही. शिकताना या आकड्यांच्या निम्म्यावरच राहावं. दहा इंची वाडग्याची कड हजार फेऱ्यांना ताशी ४८ किलोमीटरने धावत असते, एवढं लक्षात ठेवलं की हात आपोआप जपून चालतो.

दुसऱ्या महिन्यात लाटणं. हे काम सोपं समजून लोक ते टाळतात आणि थेट वाडग्याकडे जातात, ते चूक आहे. लाटण्यात दोष लपत नाही. पोळी लाटताना बोटांना लगेच कळतो. मी धरलेलं माप: लांबी ३५०, मध्ये जाडी ३०, टोकांना २४ मिलिमीटर. गोल केलेल्या लाकडावर पेन्सिलीने पाच खुणा करायच्या, पार्टिंग टूलने त्या जागी प्रत्येक मापापेक्षा १ मिलिमीटर जास्त ठेवून खाचा घ्यायच्या. कॅलिपरने मोजताना लेथ बंद. मग गाउजने खाच ते खाच जोडायचं, नेहमी जाडीकडून बारकीकडे. उलट, म्हणजे बारकीकडून जाडीकडे गेलं तर लाकडाचे रेशे आधाराविना उचकटतात आणि अंग खरखरीत होतं. शेवटचा हात स्क्यूचा.

स्क्यू हे हत्यार सगळ्यांना घाबरवतं, आणि त्याचं कारण एकच आहे: धारेचं वरचं लांब टोक लाकडाला लागलं की ते स्क्रूसारखं घुसत जातं. धार तिरकी धरून फक्त तिच्या खालच्या अर्ध्या भागाने, ढाळ टेकवून कापायचं. नीट बसलं तर कागदासारखी पातळ सालपटं येतात आणि लाकडाला अशी चमक येते की पॉलिश पेपर जवळजवळ लागत नाही. मऊ, सरळ रेशांच्या लाकडावर पन्नास-साठ वेळा गिरवल्याशिवाय लाटण्यावर स्क्यू लावू नये. मध्यभागी गोल फिरत गेलेल्या बारीक वळ्या दिसल्या तर लाकूड थरथरतंय. डाव्या हाताची बोटं लाकडामागे अलगद धरून आधार द्यायचा, सेंटरचा दाब थोडा कमी करायचा, धार लावायची. काळपट पट्टे उठले तर ढाळ फार दाबून धरला आहे.

लाटण्याला लाख, वॉर्निश काही लावायचं नाही. १२०, १८०, २४०, ३२० असा पॉलिश पेपर क्रमाने. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे शेवटपर्यंत दिसतात. पेपर मारताना टूल रेस्ट काढून ठेवायची, वेग निम्मा करायचा आणि पेपर खालच्या बाजूने लावायचा, म्हणजे सुटला तर हातापासून लांब जातो. बोटांभोवती कापड कधीही गुंडाळायचं नाही. ३२० झाल्यावर ओल्या फडक्याने, अर्थात लेथ बंद ठेवून, लाटणं पुसायचं. रेशे फुलून उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा ३२०. हे दोनदा केलं की पुढे धुतल्यावर लाटणं खरखरीत होत नाही. तेल लावायचंच असेल तर औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. शेंगदाण्याचं तेल काही दिवसांत खवट वास मारतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, ते स्वयंपाकाच्या वस्तूला नको.

याच काळात आपल्याच हत्यारांच्या मुठी कातून घ्याव्यात. २५० ते ३०० मिलिमीटर लांब, आणि बोटं आखडत असतील तर बाजारच्या मुठीपेक्षा ४-५ मिलिमीटर जाड. तोंडाशी पितळी किंवा तांब्याच्या नळीची शेंबी घट्ट बसवायची. शेंबीशिवाय मूठ शेपटाच्या दाबाने उभी चिरते.

भोवरा वरवर खेळणं दिसतो, पण मध्य साधण्याचा त्याहून कडक धडा नाही. पाच सेंटिमीटर व्यास, सहा उंची. आर बसवायचं छिद्र टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक लावून, भोवरा लेथवर असतानाच पाडायचं. खिळ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक. नंतर हाताने ड्रिल करून पाडलेलं छिद्र हमखास तिरकं जातं आणि भोवरा घुमण्याऐवजी झोके खातो. जाळी धरावी म्हणून खालच्या निमुळत्या अंगावर दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने उथळ खाचा घ्यायच्या. भोवऱ्याला लाख मात्र शोभते. सावंतवाडी आणि चन्नपट्टणच्या खेळण्यांवर जी रंगीत चमक असते ती अशीच: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून ती एकसारखी करायची. चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचं पांढरं, बारीक रेशांचं लाकूड वापरतात, त्यावर रंग स्वच्छ उमटतो. वेग कमी पडला तर लाख वितळत नाही, गोळे धरते. जास्त दाबलं तर जळून काळी पडते. उन्हात बंद गाडीत ठेवलेली लाखेची वस्तू चिकट होते, हे मे महिन्यात विसरू नये.

लाकडाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आपल्या भागात बाभूळ भरपूर आहे. गाडीची चाकं आणि औतं तिचीच व्हायची, ती उगीच नाही. लाकूड घट्ट, लालसर, लाटण्याला उत्तम. चिंच आणखी जड, बाहेरून पिवळसर, गाभ्यात जांभळट तपकिरी. वाडग्याला सुंदर, पण धार मागते. कडुनिंब कापायला सोपा, मात्र त्याचे रेशे एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून एका बाजूने गुळगुळीत झाला तरी दुसऱ्या बाजूने उचकटतो, आणि त्याच्या धुळीने घसा धरतो. सुबाभूळ सरावासाठी चांगली. निलगिरी मी टाळतो, वाळताना फार वाकते आणि चिरते. सांगोल्याकडे डाळिंबाच्या जुन्या बागा काढल्या की खोडं मिळतात. बारीक असतात पण पिवळसर, घट्ट, भोवऱ्याला छान. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर लेथवर चढवण्याआधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवावं. आत मोडलेला खिळा असेल तर धार जाते, आणि तुकडा उडाला तर डोळा. कण्हेर विषारी आहे, तिचं काहीही करू नये. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगीने छाटलेल्या फांद्या मिळतात, तेवढ्या शिकायला पुरतात.

फांदी घरी आली की त्याच दिवशी दोन्ही टोकांना वितळलेलं मेण फासायचं. लाकूड टोकांतून अंगापेक्षा कितीतरी वेगाने वाळतं. टोक आकसतं, आतला भाग ओला राहतो आणि चीर पडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की मेण न लावलेल्या टोकाला दोन दिवसांत चिरा दिसतात. गाभ्याच्या मध्यातली मऊ नळी हे चिरांचं मूळ, म्हणून ओंडका उभा मधोमध चिरून ती नळी काढूनच टाकायची. लाकूड पंख्याखाली किंवा पत्र्याखाली ठेवू नये. सर्वांत गार खोलीत, जमिनीपासून वर, भुशाने भरलेल्या पोत्यात ठेवलं की ते सावकाश वाळतं.

आपल्याकडचं वाळलेलं लाकूडही स्थिर बसत नाही. मेमध्ये त्यातलं पाणी ५-६ टक्क्यांपर्यंत उतरतं, ऑगस्टमध्ये १३-१४ पर्यंत चढतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं झाकण पावसाळ्यात उघडत नाही, आणि पावसाळ्यात बसवलेलं उन्हाळ्यात सुटं होतं. झाकणाच्या डब्या मी म्हणूनच दिवाळीनंतर करतो, तेव्हा लाकूड दोन्हींच्या मधे असतं.

वाडगा चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आधी धरू नये. त्याची रीत दांडीपेक्षा वेगळी आहे, कारण इथे रेशे आडवे फिरतात: प्रत्येक फेऱ्यात धारेपुढे दोनदा रेशांची टोकं येतात आणि दोनदा त्यांचं अंग. रफिंग गाउज वाडग्यावर लावायचा नाही. मुठीत शिरणारं त्याचं शेपूट बारीक असतं आणि आडव्या रेशांच्या हिसक्याने तिथेच तुटतं. इथे बोल गाउज हवा, एकाच गोल सळईतून घडवलेला, लांब मुठीचा. बाहेरून कापताना बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून बुडाकडे. चकमध्ये धरायला बुडाला ५० मिलिमीटर व्यासाचा, ६-७ उंचीचा खुंट ठेवायचा. खुंटाची टोकं चकच्या तळाला टेकता कामा नयेत. त्याचा खांदा जबड्यांवर सपाट बसला पाहिजे. माझ्या हातून वाडगे निसटले ते दोन्ही वेळा खांदा नीट सपाट केला नव्हता म्हणून. आतून स्क्रेपर लावायचा तर धार मध्यरेषेच्या किंचित वर आणि मूठ धारेपेक्षा उंच, म्हणजे रुतलं तरी हत्यार रिकाम्या जागेत सुटतं.

ओल्या लाकडाचा वाडगा दोनदा कातावा लागतो. पहिल्यांदा कड व्यासाच्या एक दशांश जाड ठेवायची. २०० मिलिमीटरच्या वाडग्याला २० मिलिमीटर. कारण लाकूड रेशांना आडवं आकसतं, रेशांच्या लांबीत मात्र जवळजवळ आकसत नाही, म्हणून गोल वाडगा वाळून अंडाकृती होतो. २०० च्या वाडग्यात हा फरक ५-६ मिलिमीटरचा येतो आणि २० मिलिमीटरच्या कडेत तो सामावतो. तेवढी जाडी ठेवली नाही तर दुसऱ्यांदा गोल करताना एका बाजूला भोक पडतं. फार जास्त ठेवली तर वाळताना चिरतो. कातून झाला की बाहेरून मेण, तारीख आणि वजन बुडावर लिहून कागदी पिशवीत.

धुळीची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी. सालपटं निरुपद्रवी, पेपर मारताना उडणारी बारीक पूड खरी वाईट. लाकडाची पूड दीर्घकाळ श्वासातून गेली तर नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. एन-९५ मास्क, दोन्ही बाजूंची दारं उघडी, आणि शेड झाडताना आधी पाणी शिंपडायचं.

मृगात कातलेले चिंचेचे तीन वाडगे सध्या माझ्या कोठीघरातल्या फळीवर आहेत. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून ग्रॅम लिहितो. दोघांचं वजन अजून उतरतंय. तिसरा गेले तीन रविवार ६०४ वर थांबलाय. त्याच्या काठाचं माप एका बाजूने १९४ आणि दुसऱ्या बाजूने १८९ आलं आहे. खुंटही अंडाकृती झालाय, तेव्हा आधी वाडगा पालथा घालून, टेलस्टॉकने दाबून खुंट गोल करायचा, मग चकमध्ये धरायचा आणि बाहेरून सुरुवात करायची, बुडाकडून काठाकडे, ५०० फेऱ्यांवर.